मागची सोळा पानं

कोल्हापुरातल्या एका छोट्या प्रकाशनाचा नवा ग्रंथ सध्या माझ्या टेबलावर आहे. विषय : संस्थानी काळातला पाण्याचा कारभार. तलाव, नळयोजना, धरणं, त्यांवरचा खर्च आणि त्यावरून झालेला पत्रव्यवहार. आवृत्ती पाचशे प्रतींची. मजकूर लावून झाला, मुद्रितं तपासून झाली, पृष्ठांक पक्के झाले. आता उरलं ते माझं काम, शेवटची सूची. कळंब्यातल्या घरी बसून मी मुद्रितशोधनाबरोबर हेही काम करते.

सूचीला हात लागतो सगळ्यात शेवटी आणि ती हवी असते ताबडतोब. पृष्ठांक पक्के झाल्याशिवाय सुरुवात करता येत नाही आणि ते पक्के झाले की छपाईसाठी थांबायची कुणाची तयारी नसते. मध्येच लेखकाला एखादा नकाशा सापडला आणि तो घालायचा ठरला, की त्यापुढचे सगळे आकडे सरकतात. शिवाय पुस्तक सोळा-सोळा पानांच्या फॉर्मात छापलं जातं. संदर्भग्रंथांची यादी संपल्यावर शेवटच्या फॉर्मात जी चार-सहा पानं कोरी उरतात, त्यांत सूची बसवा, असा निरोप बहुतेक वेळा येतो. या खेपेला मला अख्खा फॉर्म मिळाला आहे. मराठी पुस्तकाच्या मानानं ही चैनच.

‘संगणकावर शब्द शोधायचा आणि पानं लिहून काढायची, त्यात काय एवढं?’ हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. पहिली अडचण फॉन्टची. कोल्हापुरात अजून कितीतरी मजकूर श्रीलिपीत टाइप होऊन येतो. तो पडद्यावर नीट दिसतो, पण आत साठवलेली चिन्हं युनिकोडची नसतात, त्यामुळे शोध रिकामा परततो. मजकूर युनिकोडमध्ये असला, तरी पीडीएफ करताना जोडाक्षरं आणि ऱ्हस्व वेलांट्या जागा सोडतात. दुसरी अडचण मराठीच्या स्वभावातली. ‘घाटगे’ शोधलं तर ‘घाटग्यांनी’ सापडत नाही, ‘तळं’ शोधलं तर ‘तळ्याच्या’ निसटतं, ‘कळंबा’ शोधलं तर ‘कळंब्याचं’ राहून जातं. प्रत्येक नावाची सामान्यरूपं धरून शोधावं लागतं. एवढं करून ‘महाराजांनी’, ‘आईसाहेबांच्या हुकुमानं’, ‘सदरहू इंजिनिअर’ अशा ठिकाणी माणूस असतो आणि नाव नसतंच. म्हणून छापील मुद्रित पुढ्यात घेऊन, पेन्सिलीनं खुणा करत, पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचत जाणं याला पर्याय नाही.

खुणा झाल्या की नोंदी एका तक्त्यात भरायच्या आणि अकारविल्हे लावायच्या. इथे पहिला निर्णय अनुस्वाराचा. बाराखडीत ‘अं’ औकारानंतर येतो, तर मराठी विश्वकोशाचा १९७६ सालचा पहिला खंड ‘अंक’पासून सुरू होतो. मी विश्वकोशाची वाट धरते, म्हणून ‘अंबाबाई’ ‘अक्कलकोट’च्या आधी. दुसरा निर्णय ‘ळ’चा. आपल्या वर्णमालेत तो ‘ह’नंतर येतो, पण युनिकोडमध्ये ‘ल’ला लागून बसला आहे. संगणकानं लावलेल्या यादीत ‘माळी’ ‘मावळ’च्या आधी लागतो. आपल्या क्रमानं आधी ‘मावळ’, मग ‘माहुली’, मग ‘माळी’. ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ यांचंही तसंच. आपण त्यांना शेवटी शोधतो आणि संगणक ते ‘क’ आणि ‘ज’च्या पोटात घालून मोकळा होतो. कुठलाही एक क्रम घेतला तरी चालतं. तो शेवटपर्यंत पाळायचा आणि सूचीच्या माथ्यावर दोन ओळींत सांगून टाकायचा.

यापुढे माणसं. कोल्हापूरच्या इतिहासाची सूची करणाऱ्याची खरी परीक्षा इथेच. शाहू म्हटलं तर साताऱ्याचे की कोल्हापूरचे? राजाराम म्हटलं तर निदान तीन : शिवाजी महाराजांचे पुत्र आणि ताराबाईंचे पती, १८७० मध्ये युरोपच्या प्रवासातून परतताना फ्लॉरेन्सला निवर्तलेले, आणि राजर्षी शाहूंचे पुत्र. शिवाजी तर याहून अधिक, आणि त्यांचे क्रमांक इतिहासकारागणिक बदलतात. काहीजण थोरल्या छत्रपतींपासून मोजतात, काहीजण करवीरच्या गादीपासून. एका प्रकरणात जे चौथे, ते दुसऱ्या प्रकरणातल्या उताऱ्यात सहावे होऊन येतात. मी क्रमांकाच्या भरवशावर राहत नाही. नावापुढे कंसात सालं घालते : ‘शिवाजी (मृत्यू १८८३)’. त्यांच्यानंतर १८८४ मध्ये दत्तक आलेला कागलचा मुलगा म्हणजे यशवंतराव घाटगे. जुन्या पत्रांत तो याच नावानं भेटतो, म्हणून ‘घाटगे, यशवंतराव – पाहा शाहू (१८७४–१९२२)’ अशी पाटी लावावी लागते. वडील जयसिंगराव घाटगे त्याच्या शेजारी, पण वेगळ्या नोंदीत.

सामान्य माणसाला आडनावाखाली आणि राजाला नावाखाली घालायचं, असा प्रघात आहे. तो जोतीराव फुल्यांपाशी अडखळतो. लेखकागणिक ते जोतीराव, जोतिबा, ज्योतिबा होतात. कोल्हापूरच्या पुस्तकात वाडी रत्नागिरीच्या डोंगरावरचा जोतिबाही असतोच. ‘फुले, जोतीराव’ आणि ‘जोतिबा (देवस्थान)’ या नोंदी इतक्या दूर ठेवायच्या, की चैत्र यात्रेचं पान फुल्यांच्या नावावर पडू नये. देवीचं तेच. कुणी अंबाबाई लिहितं, कुणी महालक्ष्मी. सूचीकारानं या वादात पडायचं नसतं. एका नावाखाली पानं द्यायची आणि दुसऱ्यापाशी ‘पाहा’ लिहायचं.

गावं वाटतात तितकी सोपी नसतात. कळंबा म्हटलं की कोल्हापूरकराला तलाव आणि कारागृह आठवतं. जुन्या दप्तरात मात्र हे गाव ‘कळंबे तर्फ ठाणे’ आहे आणि याच करवीर तालुक्यात ‘कळंबे तर्फ कळे’ नावाचं दुसरं गावही आहे. एका पत्रात नुसतं ‘मौजे कळंबे’ लिहिलेलं. तलावासाठी घेतलेल्या जमिनीची गोष्ट असेल तर आमचं गाव, नाहीतर ते. आधीचं-नंतरचं पत्र वाचून आणि लेखकाला फोन करून ते पान योग्य कळंब्याकडे गेलं. राधानगरीच्या जलाशयाला ‘लक्ष्मी तलाव’ म्हणतात, हे ठाऊक नसलेला वाचक तो गावातच कुठेतरी शोधत बसेल. तिथेही एक ‘पाहा’.

इथवरची नोंद चिकाटीनं होते. विषयांच्या नोंदीला विचार लागतो. शाहू महाराज इंग्लंडमध्ये असताना, २६ जुलै १९०२ रोजी, संस्थानातल्या रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी पन्नास टक्के मागासलेल्या वर्गांना देण्याचा हुकूम निघाला. आमच्या ग्रंथात तो नोकरभरतीच्या प्रकरणात येतो आणि त्या पानांवर ‘आरक्षण’ हा शब्द एकदाही नाही. वाचक मात्र त्याच शब्दाखाली शोधणार. मी नोंद केली. लेखकाला आधी ते आजचं वाटलं, मग पटलं. सूची लेखकासाठी नसते. पुस्तक न वाचता त्यातलं एकच पान हवं असलेल्या माणसासाठी ती असते.

असा माणूस कोल्हापुरात दुर्मीळ नाही. १९६२ मध्ये शिवाजी विद्यापीठ सुरू झालं आणि पहिले कुलगुरू आप्पासाहेब पवार यांनी स्वतः ताराबाईकालीन कागदपत्रांचं संपादन केलं. पुढे विद्यापीठानं शाहू छत्रपतींच्या कागदपत्रांचे खंड काढले. डॉ. जयसिंगराव पवारांच्या महाराष्ट्र इतिहास प्रबोधिनीनं मोठमोठे स्मारकग्रंथ सिद्ध केले. ही पुस्तकं कुणी कादंबरीसारखी वाचत नाही. वकील येतो, वतनदाराचा नातू येतो, पीएचडीचा विद्यार्थी येतो आणि प्रत्येकाला एक नाव, एक साल हवं असतं. ग्रंथांच्या याद्या करण्यात मराठी मागे नाही. शंकर गणेश दात्यांनी १८०० ते १९३७ या काळातल्या मराठी पुस्तकांची सूची करून ठेवली, ती आजही आधाराला घेतली जाते. पण एकाच पुस्तकाच्या पोटातली सूची म्हटली की हात आखडतो. फॉर्म वाढला की कागद वाढतो, किंमत वाढते, आणि पाचशे प्रती खपायला वर्षं लागणार असतात. इंग्रजी विद्यापीठ प्रकाशनांत सूची बहुधा करारातच लेखकाच्या माथी असते. त्यानं ती स्वतः करावी नाहीतर पैसे देऊन करून घ्यावी. आपल्याकडे करारात तिचा उल्लेखच नसतो, म्हणून ती कुणाचीच जबाबदारी होत नाही.

या वेळची सूची एकोणीस पानांची झाली. जागा सोळाच. टाइप आणखी बारीक केला तर वाचता येईना, म्हणून कापाकापी करावी लागली. सगळ्यात लांब नोंद अर्थातच शाहू महाराजांची होती. नुसत्या आकड्यांच्या चार ओळी, ज्यांचा कुणाला उपयोग नाही. त्या मोडून ‘राधानगरी’, ‘नोकरभरती’, ‘इंग्लंडचा प्रवास’ अशा पोटनोंदी केल्या आणि नुसत्या नामोल्लेखाची पानं सरळ काढून टाकली. दिवाण, एजंट, पाहुणे सरदार यांचंही तेच केलं. प्रकाशकानं एक नोंद सुचवून काढायला सांगितली होती : मातीकाम आणि दगडकाम करणारे वडार. तीनच पानांवर येतात, तेही मजुरीच्या हिशेबात, नावांशिवाय. ती मी ठेवली आणि का ठेवली तेही त्यांना सांगितलं. महाराज शोधायला वाचकाला सूची लागत नाही, ते पुस्तकात पानोपानी आहेत. वडार शोधायला लागते.