शाळा आठवीपर्यंतच का? आमिश आणि हटराइट समाजांविषयीचे गैरसमज

न्यू जर्सी किंवा फिलाडेल्फियात राहणाऱ्या मुलांकडे गेलेल्या मराठी आईवडिलांना एखाद्या शनिवारी पेन्सिल्व्हेनियातल्या लँकेस्टर परगण्यात नेले जाते. काळी घोडागाडी, टोपीवाले दाढीधारी आमिश शेतकरी आणि डोईला पांढरी कुंची बांधलेल्या बायका बघून मंडळी परततात. सोबत काही ठाम समजुतीही येतात: या लोकांना वीज चालत नाही, शाळा चालत नाही, औषध चालत नाही. यातले बरेचसे चुकीचे आहे. मुलांच्या शिक्षणाविषयीच्या समजुती तर सर्वांत चुकीच्या आहेत, म्हणून त्या नीट तपासून पाहायला हव्यात.

गैरसमज: आमिश आणि हटराइट म्हणजे एकच पंथ.

वस्तुस्थिती: मूळ एक, पण जगण्याच्या रीती वेगळ्या. १५२५ मध्ये झुरिकमध्ये काही ख्रिस्ती सुधारकांनी तान्ह्या बाळाचा बाप्तिस्मा नाकारला. श्रद्धा समजून-उमजून, मोठेपणीच स्वीकारली पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. त्यासाठी त्यांचा अनन्वित छळ झाला. या प्रवाहातल्या याकोब हुटर यांना १५३६ मध्ये इन्सब्रुक येथे जाळून मारण्यात आले. हटराइट हे नाव त्यांच्यावरून पडले. आमिश हे नाव याकोब अम्मान यांचे. १६९३ च्या सुमारास ते आपल्या अनुयायांसह मूळ मंडळींपासून वेगळे झाले.

आमिशांची संख्या आज चार लाखांच्या घरात आहे. पेन्सिल्व्हेनिया, ओहायो आणि इंडियाना या राज्यांत त्यांची मोठी वस्ती आहे. प्रत्येक कुटुंबाचे स्वतःचे घर आणि स्वतःचे शेत किंवा धंदा असतो, आणि आजूबाजूला बिगर-आमिश शेजारी असतात. हटराइट सुमारे पन्नास हजार. त्यांच्या वसाहती मुख्यतः कॅनडाच्या अल्बर्टा, मॅनिटोबा, सस्कॅचवान या प्रांतांत आणि अमेरिकेच्या साउथ डकोटा व मोंटाना राज्यांत आहेत. त्यांच्याकडे खासगी मालमत्ता नसते. जमीन, यंत्रे आणि बँकेतला पैसा सगळ्या वसाहतीचा असतो, आणि जेवणही एकाच भोजनगृहात होते. वसाहतीची लोकसंख्या सव्वाशे-दीडशेकडे झुकली की नवी जमीन घेऊन तिचे दोन भाग करतात.

गैरसमज: आमिश मुलांना शाळेत पाठवत नाहीत.

वस्तुस्थिती: पाठवतात, पण आठवीपर्यंत. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात बहुतेक आमिश मुले शेजारच्या मुलांबरोबर गावातल्या छोट्या सरकारी शाळेतच शिकत होती. तेव्हा फारशी तक्रार नव्हती. नंतर सरकारने या छोट्या शाळा बंद करून दूरवर मोठ्या एकत्रित शाळा काढल्या, आणि सक्तीच्या शिक्षणाचे वयही वाढवले. मुले बसने लांब जाणार, शेकडो अनोळखी मुलांत दिवस काढणार, आईवडिलांना शिक्षकाचे नावही ठाऊक नसणार, हे आमिशांना मान्य होईना. त्यांनी स्वतःच्या शाळा बांधायला सुरुवात केली. इंडियानाच्या उत्तर भागात आजही पुष्कळ आमिश मुले सरकारी शाळेत जातात.

आमिश शाळा म्हणजे बहुधा एका खोलीत भरणारी एकशिक्षकी शाळा. पहिली ते आठवीची पंचवीस-तीस मुले एकत्र बसतात. एका इयत्तेला बाई पुढे बोलावून शिकवतात, तेव्हा बाकीची मुले आपापले काम करतात आणि मोठी मुले धाकट्यांना मदत करतात. शिक्षिका बहुतेक वेळा अविवाहित आमिश तरुणी असते आणि तिचे स्वतःचे शिक्षणही आठवीपर्यंतच झालेले असते. शाळेची देखभाल, सरपण आणि शिक्षिकेचा पगार हे सगळे पालकांनी निवडलेले मंडळ पाहते. सरकारी शाळांसाठीचा करही हे पालक भरतात, आणि त्यावर आपल्या शाळेचा खर्चही उचलतात.

गैरसमज: तिथे फक्त बायबल शिकवतात.

वस्तुस्थिती: दिवस प्रार्थनेने, गाण्याने आणि बायबलच्या वाचनाने सुरू होतो. त्यानंतरचा वेळ मात्र वाचन, गणित, शुद्धलेखन, सुलेखन आणि थोड्या भूगोल-इतिहासाचा असतो. धर्माचा अर्थ सांगणे हे घराचे आणि उपासना-सभेचे काम, शाळेचे नाही, असे अनेक आमिश मानतात. शाळा मुख्यतः इंग्रजीतून चालते. घरात पेन्सिल्व्हेनिया डच ही जर्मन बोली बोलली जाते, त्यामुळे कित्येक मुलांची इंग्रजीशी खरी ओळख पहिलीतच होते. बायबल आणि स्तोत्रे जुन्या प्रमाण जर्मनमध्ये असल्याने तीही शिकावी लागते. म्हणजे आठवी संपेपर्यंत मूल तीन भाषांत वावरू लागते. उणीव आहे ती विज्ञानाच्या बाबतीत. प्रयोगशाळा नसते आणि उत्क्रांतीचा पाठ नसतो. ही उणीव मान्य करायलाच हवी.

गैरसमज: न्यायालयाने आमिशांना शिक्षणातून पूर्ण सूट दिली.

वस्तुस्थिती: १९६८ मध्ये विस्कॉन्सिनच्या न्यू ग्लॅरस गावाजवळच्या तीन पालकांनी आठवी झालेल्या मुलांना हायस्कूलला पाठवायला नकार दिला. त्या राज्यात सोळाव्या वर्षापर्यंत शाळा सक्तीची होती. प्रत्येकाला पाच डॉलर दंड झाला. खटला चालवायला पुढे आला तो धार्मिक स्वातंत्र्यासाठी बिगर-आमिश लोकांनी काढलेल्या समितीचा वकील, कारण कोर्टकचेरी करणे आमिशांच्या तत्त्वात बसत नाही. १५ मे १९७२ रोजी ‘विस्कॉन्सिन विरुद्ध योडर’ या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पालकांच्या बाजूने निकाल दिला.

सूट मिळाली ती फक्त आठवीनंतरच्या वर्ष-दोन वर्षांची. आठवीपर्यंतचे शिक्षण बंधनकारकच राहिले. आठवीनंतरच्या या वर्षांत मुले काम करत शिकतात आणि समाजाचा तीनशे वर्षांचा इतिहास स्वावलंबनाचा आहे, याला न्यायालयाने महत्त्व दिले. न्यायमूर्ती विल्यम डग्लस यांनी मात्र वेगळे मत नोंदवले. पालकांना काय हवे ते ऐकले, पण चौदा वर्षांच्या मुलाला काय हवे हे कोण विचारणार? त्याला पियानोवादक किंवा अंतराळवीर व्हायचे असेल तर? हा प्रश्न आजही सुटलेला नाही.

गैरसमज: हटराइट मुलेही अशीच आठवीत शाळा सोडतात.

वस्तुस्थिती: हटराइट मुलांचे शालेय आयुष्य निराळे आहे. अडीच-तीन वर्षांचे मूल वसाहतीच्या बालशाळेत जाऊ लागते. सहाव्या वर्षापासून ते इतर मुलांबरोबर मुलांच्या भोजनगृहात जेवते. तिथे जर्मन शिकवणाऱ्या गुरुजींची देखरेख असते. दिवसाला दोन शाळा असतात. वसाहतीतच भरणाऱ्या ‘इंग्रजी शाळेत’ प्रांताचा अभ्यासक्रम पात्रताधारक शिक्षक शिकवतात, आणि तिच्या आधी-नंतर ‘जर्मन शाळा’ असते. तिच्यात धर्मग्रंथ आणि स्तोत्रे शिकवली जातात आणि वसाहतीचे वळण लावले जाते. पंधरा वर्षे पूर्ण झाली की मूल मोठ्यांच्या पंगतीत बसते आणि मोठ्यांची कामे हाती घेते.

अनेक वसाहतींत याच वयाच्या सुमारास शाळा सुटते. सगळीकडे नाही. मॅनिटोबातल्या बऱ्याच वसाहतींत मुले बारावी पूर्ण करतात. १९९० च्या दशकात ब्रँडन विद्यापीठाने हटराइट तरुण-तरुणींना शिक्षक म्हणून तयार करणारा खास अभ्यासक्रम सुरू केला, आणि वसाहतीतलेच लोक पदवी घेऊन परत येऊन शिकवू लागले. या प्रांतातल्या वसाहतींनी स्वतःचे ब्रॉडबँड जाळे उभारले आणि एका वसाहतीतल्या शिक्षकाचा तास दुसऱ्या वसाहतीतल्या मुलांपर्यंत पोहोचवला.

गैरसमज: हे लोक यंत्रे आणि औषधे नाकारतात.

वस्तुस्थिती: हटराइट शेतात उपग्रहाच्या मार्गदर्शनावर चालणारे ट्रॅक्टर आणि संगणकावर चालणारे गोठे आहेत. आमिश जास्त सावध आहेत, पण तेही सरसकट नकार देत नाहीत. नवी वस्तू आली की ती कुटुंब आणि शेजार जोडेल की तोडेल, हे प्रत्येक मंडळी एकत्र बसून ठरवते. मोटार घरात आली तर माणसे पांगतील, म्हणून ती विकत घ्यायची नाही, पण गरजेला भाड्याच्या मोटारीतून जायला हरकत नाही. घरात फोन नको, पण अंगणापलीकडच्या खोपटात चालेल. वीजवाहिनी नको, पण सुतारशाळेतली यंत्रे दाबाच्या हवेवर चालतात. एका गावातला नियम दुसऱ्या गावात वेगळा असू शकतो.

आजारपणात ते डॉक्टरकडे जातात. लँकेस्टर परगण्यातच १९८९ मध्ये डॉ. होम्स मॉर्टन यांनी दुर्मीळ आनुवंशिक आजारांच्या मुलांसाठी दवाखाना सुरू केला. त्याच्या इमारतीचा सांगाडा आमिश आणि त्याच प्रवाहातल्या मेनोनाइट पंथाच्या शेजाऱ्यांनी आपल्या हातांनी उभा केला. विमा न घेता रुग्णालयाची बिले समाज एकत्र येऊन भागवतो. ते आयकर आणि मालमत्ता कर भरतात. १९६५ पासून स्वयंरोजगारी आमिशांना सामाजिक सुरक्षेच्या वर्गणीतून सूट आहे, आणि तिचे लाभही ते घेत नाहीत.

गैरसमज: सोळाव्या वर्षी मुलांना बाहेर सोडतात आणि परतली नाहीत तर वाळीत टाकतात.

वस्तुस्थिती: ‘रुमश्प्रिंगा’ नावाचा हा काळ दूरचित्रवाणीने फार भडक रंगवला आहे. बहुतेक मुले या काळात घरीच राहतात, काम करतात, रविवारी समवयस्कांबरोबर गातात आणि जोडीदार शोधतात. काही मुले दारू किंवा मोटारीच्या नादी लागतात, हेही खरे. बाप्तिस्मा साधारण अठरा ते बावीसच्या दरम्यान स्वेच्छेने होतो. तो न घेता निघून गेलेल्याला वाळीत टाकत नाहीत. ती कठोर शिक्षा बाप्तिस्म्याचे वचन देऊन मोडणाऱ्याला असते. पाचातली चारहून अधिक मुले समाजातच राहतात.

आमिश अडाणी आहेत म्हणून त्यांची मुले आठवीनंतर थांबतात, हे खरे नाही. त्यांनी जाणीवपूर्वक निवड केली आहे, तिला विचार आहे, आणि ती निभवायला मोठा त्याग लागतो. या समाजाबद्दल आदर बाळगूनच मला म्हणावेसे वाटते की डग्लस यांचा प्रश्न टाळता येणार नाही. आठवी झालेल्या मुलीला पंचविसाव्या वर्षी परिचारिका व्हावेसे वाटले तर तिला मागे जाऊन सगळे नव्याने शिकावे लागते, तेही बहुधा घरच्यांच्या आधाराविना. जास्त शाळा शिकवली तर समाज मोडेल, ही भीती योडर खटल्यात मांडली गेली होती. मॅनिटोबातल्या हटराइट वसाहतींत बारावी झालेली मुले आणि पदवीधर शिक्षक आज त्याच पंगतीत जेवतात आणि आपल्याच बोलीत बोलतात. त्यांच्या उदाहरणावरून एवढे नक्की दिसते की समाज टिकवणे आणि मुलासाठी पुढची वाट मोकळी ठेवणे, या दोन्ही गोष्टी एकाच छपराखाली होऊ शकतात.