विश्लेषण : सुपर बोलच्या पार्टीतला ‘शू’ फुगतो कसा आणि मऊ का पडतो?

अमेरिकेत फेब्रुवारीतल्या एका रविवारी ‘सुपर बोल’ म्हणजे अमेरिकन फुटबॉलचा अंतिम सामना रंगतो. त्या दिवशी टीव्हीसमोर बसून एका हाताने खाता येतील अशा पदार्थांना घरोघरी मागणी असते. चिकन विंग्ज आणि नाचोज ठरलेलेच. पण विंग्जनी हात बरबटतात. त्यामुळे तेच चटपटीत सारण पोटात भरलेले, बाहेरून कोरडे आणि कुरकुरीत असे तिखट-खारे ‘शू पफ’ सोयीचे ठरतात. सारण भरण्याची वेळ चुकली तर मात्र ते मध्यंतरापर्यंत लिबलिबीत होतात.

‘शू’ म्हणजे काय?

मराठी कानाला हा शब्द जरा खट्याळ वाटेल, पण फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ कोबी. भाजलेला गोळा छोट्या कोबीच्या गड्ड्यासारखा दिसतो, म्हणून हे नाव. बेकरीतल्या क्रीम पफ आणि एक्लेअरचे पीठही हेच. त्यात किसलेले चीज घातले की फ्रान्सच्या बरगंडी प्रांतातला, वाइनसोबत दिला जाणारा ‘गुझेर’ तयार होतो.

बेकिंग पावडरशिवाय फुगतो कसा?

कृतीची सुरुवात थेट मोदकाच्या उकडीसारखी आहे. २४० मिली पाणी, ११५ ग्रॅम लोणी आणि अर्धा चमचा मीठ उकळायचे. लोण्याचे तुकडे बारीक हवेत. ते वितळेपर्यंत पाणी आटत राहिले तर प्रमाण तिथेच बिघडते. मग १२५ ग्रॅम मैदा एकदम घालून, भांड्याच्या तळाला पातळ पापुद्रा धरेपर्यंत मंद आचेवर घोटायचे. या उकडीत मैद्यातील स्टार्च भरपूर पाणी धरून ठेवतो.

उकड कोमट झाली की चार अंडी एकेक करून फेटायची. गरम उकडीत घातली तर अंड्याची भुर्जी होते. आपल्याकडची अंडी लहान-मोठी असतात, म्हणून शेवटचे अंडे फोडून थोडे थोडे घालावे. उलथन्यावरून पीठ त्रिकोणी शेपटीसारखे लोंबले की थांबायचे. शेवटी १०० ग्रॅम किसलेले चीज घालून अक्रोडाएवढे गोळे ट्रेवर सोडायचे.

२०० अंश सेल्सिअसच्या ओव्हनमध्ये पिठातील पाण्याची वाफ होते आणि गोळा पुरीसारखा आतून पोकळ फुगतो. फुगलेल्या भिंती अंड्यातील प्रथिने घट्ट करतात. पहिली २० मिनिटे ओव्हन उघडायचा नाही. भिंती पक्क्या होण्याआधी तापमान उतरले तर गोळा बसतो आणि पुन्हा उठत नाही. त्यानंतर १८० अंशांवर आणखी १० ते १५ मिनिटे भाजायचे.

बाहेर काढताच प्रत्येकाला सुरीने छोटे भोक पाडून, बंद केलेल्या ओव्हनमध्ये दार किंचित उघडे ठेवून १० मिनिटे ठेवावे. ही पायरी बरेच जण गाळतात आणि अडकलेली वाफच आवरण मऊ करते.

सारण कधी भरायचे?

लोकप्रिय सारण ‘बफलो चिकन’चे. म्हशीशी त्याचा संबंध नाही. न्यू यॉर्क राज्यातील बफलो शहरावरून हे नाव आले. शिजवून उसवलेले चिकन, तिखट हॉट सॉस, थोडे लोणी आणि क्रीम चीज एवढेच त्यात असते. पनीर किंवा मशरूमही चालते, फक्त पाणी पूर्ण आटवायला हवे.

खेळाची वेळ ६० मिनिटांची असली तरी जाहिराती आणि मध्यंतराच्या कार्यक्रमामुळे सुपर बोल साडेतीन तासांहून अधिक लांबतो. म्हणून सगळे पफ एकदम भरू नयेत. रिकामी कवचे आदल्या दिवशी भाजून हवाबंद डब्यात ठेवता येतात. ती १८० अंशांवर पाच-सात मिनिटांत पुन्हा कुरकुरीत होतात. निम्मी सामना सुरू होण्याआधी भरावीत, निम्मी मध्यंतरात. तोवर सारण फ्रीजमध्ये राहू द्यावे.

हा प्रश्न केवळ कुरकुरीतपणाचा नाही. चिकन आणि चीजसारखे नाशवंत पदार्थ फ्रीजबाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नयेत, असे अमेरिकी कृषी विभाग सांगतो. तापमान ३२ अंशांच्या वर असेल तर ही मर्यादा एका तासावर येते. आयपीएलच्या संध्याकाळी, एप्रिल-मेच्या उकाड्यात हे पफ करणाऱ्यांनी हाच एका तासाचा हिशेब धरावा.