गावचं बियाणं, गावचीच कंपनी : दहा जणांत उभी राहते, पण टिकते कशावर?

अकोले : मृग जवळ आला की कृषी केंद्रासमोर पिशव्या घेऊन उभं राहायचं, हे आता डोंगरातल्या शेतकऱ्याच्याही अंगवळणी पडलंय. चाळीस-पन्नास वर्षांमागे भंडारदरा, राजूर, कोतूळ, समशेरपूर पट्ट्यात असं नव्हतं. काळभात, आंबेमोहोर, गरी-हळवी नागली, वरई, वाल-घेवड्याचे नाना प्रकार यांचं बी घरातच असायचं. कणगीत, गाडग्यात, राखेत नाहीतर कडुनिंबाच्या पाल्यात घालून बायका ते जपायच्या. संकरित बियाण्याने उतारा वाढवला हे खरं, पण त्याचं बी पुढच्या साली तसंच उतरत नाही. दरसाल नवी पिशवी घ्यावी लागते. आणि एका सालात कुणीच पेरलं नाही की जुना वाण गावातून कायमचा जातो. तो मग कुठल्याच दुकानात मिळत नाही.

याच तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी हे बी घरात गोळा करून वाचवलं. बाएफ संस्थेची साथ मिळाली, कळसूबाई परिसरात बियाणे संवर्धनाची समिती उभी राहिली आणि राहीबाईंना २०२० सालचा पद्मश्री मिळाला. वाण वाचू शकतात, हे त्यांनी दाखवून दिलं. आता गावोगाव विचारला जाणारा प्रश्न पुढचा आहे. वाचवलेलं बी वाढवायचं, पिकलेली नागली-वरई भरडून विकायची, त्यातून चार पैसे गावात ठेवायचे, तर त्यासाठी कोणती व्यवस्था हवी? बचत गट लहान पडतो. ट्रस्टला नफा सभासदांत वाटता येत नाही. म्हणून अनेक जण शेतकरी उत्पादक कंपनीचं नाव घेतात. ती काय असते, कशी काढतात आणि कुठे बुडते, हे नीट समजून घेतलेलं बरं.

कंपनी म्हणजे नेमकं काय?

नाव कंपनीचं, पण आत्मा सहकाराचा. अर्थतज्ज्ञ य. के. अलघ यांच्या समितीच्या शिफारशीवरून २००२ मध्ये कंपनी कायद्यात दुरुस्ती झाली आणि हा प्रकार आला. आता तो कंपनी कायदा २०१३ मध्येच स्वतंत्र प्रकरण म्हणून आहे. किमान १० उत्पादक एकत्र आले की कंपनी नोंदवता येते. संचालक कमीत कमी ५, जास्तीत जास्त १५. शेअर फक्त सभासदांकडेच राहतात, बाहेरच्या माणसाला किंवा शेअर बाजारात विकता येत नाहीत. आणि मुख्य गोष्ट म्हणजे, सगळे सभासद व्यक्ती असतील तर एका माणसाला एकच मत. कुणी १०० शेअर घेतले काय अन् १० घेतले काय, मत एकच.

आणखी एक कलम फार कामाचं आहे. कंपनीच्या धंद्याशी ज्याचा हितसंबंध आडवा येतो, त्याला सभासद होता येत नाही. म्हणजे गावातली नागली घेऊन तीच बाजारात विकणारा व्यापारी आत येऊन बसू शकत नाही. सभासद गोळा करताना हे कलम बहुतेक ठिकाणी कुणी वाचतच नाही.

कायद्यातल्या 'प्राथमिक उत्पादन' या शब्दात शेतीबरोबर पशुपालन, फळबाग, मधमाशीपालन, वनोपज आणि उजाड जागेवर पुन्हा झाडोरा वाढवणं हेही धरलेलं आहे. त्यामुळे बियाणं, भरडधान्य, हिरडा, मध आणि रोपवाटिका ही कामं एकाच कंपनीला करता येतात. हिरड्यासारख्या वनोपजाबाबत मात्र ध्यानात ठेवावं की वनहक्क कायदा २००६ प्रमाणे गौण वनोपजाचा हक्क तिथल्या हक्कदारांचा आणि ग्रामसभेचा आहे. कंपनीने माल घ्यायचा तो त्यांच्याशी ठरवून. ग्रामसभेला डावलून काही करू नये.

सातबारा नवऱ्याच्या नावावर, बी बायकोच्या हातात

इथेच पहिली चूक होते. सभासद करताना सातबारा मागतात. सातबारा घरातल्या पुरुषाच्या नावावर. मग शेअर त्याच्या नावावर, मत त्याचं, संचालकही तोच. ज्या बाईने बी निवडलं, वाळवलं, राखलं, ती कागदावर कुठेच नाही.

कायद्यातली उत्पादकाची व्याख्या बघितली तर जमीन नावावर असण्याची अट त्यात नाही. उत्पादनाशी संबंधित काम करणारी कुठलीही व्यक्ती उत्पादक ठरते. योजना आणि बँका पुढे सातबारा मागतात हे खरं, पण कंपनीची नियमावली आपण लिहायची असते. बियाणं राखणाऱ्या महिला, खंडाने करणारे, भूमिहीन मधवाले यांना सभासद करून घेण्याची तरतूद सुरुवातीलाच लिहून घ्यावी. नंतर नियमावली बदलायची तर विशेष ठराव, पुन्हा सीए, पुन्हा खर्च.

आधी घरची कणगी, मग कंपनी

अन्नसुरक्षा म्हणजे गोदामात पोती किती, एवढंच नव्हे. घरातल्या पोरांच्या ताटात काय, हेही त्यात आलं. १०० ग्रॅम नागलीत साडेतीनशे मिलीग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, पांढऱ्या तांदळात ते दहाच्या आतबाहेर. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष झाल्यापासून शहरात नागलीला भाव आला. २०२५-२६ च्या खरिपासाठी नागलीचा हमीभाव क्विंटलला ४,८८६ रुपये होता. वरईला केंद्राचा हमीभावच नाही, तरी उपवासाच्या दिवसांत तिला गिऱ्हाईक असतं.

भाव आला की धोकाही येतो. घरातली सगळी नागली विकायची आणि पोरांना बिस्किटाचा पुडा आणायचा. कंपनीच असं करायला लावू लागली तर ती अन्नसुरक्षेची कंपनी राहिली कुठे? म्हणून खरेदीचा नियम पहिल्याच सभेत ठरवावा. घराची वर्षाची गरज आणि पुढच्या पेरणीचं बी बाजूला काढल्यावर जे उरेल, तेवढंच कंपनीने घ्यायचं. याने कंपनीचा धंदा थोडा कमी होईल, पण सभासद टिकेल.

बियाण्याचं काम कसं बसवायचं?

बियाणे बँकेची रीत सोपी आहे. एक किलो बी नेलं तर हंगाम झाल्यावर दोन किलो परत. पैशाचा व्यवहार नाही. मात्र कोणतं पीक कुणाकडे द्यायचं, हे कळलं पाहिजे. भात, नागली, वाल ही पिकं बहुतांश स्वतःच्याच परागाने फळतात. भात-नागलीच्या दोन वाणांत तीन मीटर अंतर ठेवून भेसळीची कणसं उपटून टाकली की बी शुद्ध राहतं. साध्या सभासदालाही ते जमतं. मका, बाजरी, काकडी, भोपळा यांचं तसं नाही. वारा आणि माशा पराग लांबवर नेतात. मक्याला दोनशे मीटर किंवा त्याहून जास्त अंतर लागतं. अशी पिकं एका वाणाला एक वाडी अशी वाटून द्यावीत.

कायद्याचं काय? पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायदा २००१ प्रमाणे शेतकऱ्याला आपल्या शेतातलं बी ठेवायचा, पेरायचा, देवाणघेवाण करायचा आणि विकायचाही हक्क आहे. फक्त संरक्षित वाणाचं बी ब्रँडच्या पिशवीत घालून विकता येत नाही. शेतकरी स्वतःचं बी शेजाऱ्याला देतो तोवर अडचण नाही. पण कंपनी पिशव्या भरून दुकानदारी करू लागली की बियाणे विक्रीचा परवाना आणि लेबलचे नियम लागतात. ही पायरी चढण्यापूर्वी तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे चौकशी करावी.

याच कायद्याखाली जुना वाण 'शेतकरी वाण' म्हणून नोंदवता येतो. त्याला नोंदणी शुल्क नाही. वाण राखणाऱ्या समूहांसाठी दहा लाख रुपयांचा पुरस्कारही आहे. सोबत ग्रामपंचायतीची जैवविविधता व्यवस्थापन समिती असते, तिच्या नोंदवहीत वाणाची नोंद करून घ्यावी. उद्या कुणी बाहेरच्याने वाणावर हक्क सांगितला तर गावाकडे कागद असतो.

हिशोब पाटीवर मांडा

आता मूळ प्रश्न. समजा ३०० सभासद आहेत. व्यवस्थापकाचा पगार महिना १५ हजार, म्हणजे वर्षाला १ लाख ८० हजार. ऑडिट आणि कागदपत्रं ४० हजार. गाळा, वीज, टेम्पो ८० हजार. झाले ३ लाख. नागली-वरई घेऊन, साफ करून, विकून किलोमागे निव्वळ ६ रुपये सुटले असं धरलं, तर हा खर्च भागायलाच ५०० क्विंटल माल लागतो. म्हणजे दर सभासदामागे साधारण १ क्विंटल ६७ किलो.

हे आकडे उदाहरणाचे आहेत, प्रत्येक गावाने आपले घालावेत. पण गणित असंच मांडायचं असतं. डोंगरातल्या घरात घरची गरज भागवून पावणेदोन क्विंटल उरते का? उरत नसेल तर कंपनी काढायची घाई नको. आधी दोन हंगाम गटाने एकत्र खरेदी-विक्री करून बघावी. किंवा वरई नुसती न विकता भरडून भगर करावी, नागलीचं पीठ करावं, म्हणजे किलोमागची सुटत वाढते. त्यासाठी अन्नसुरक्षा प्राधिकरणाची म्हणजे एफएसएसएआयची नोंदणी लागते.

फायदा वाटायचीही रीत समजून घ्यावी. माल घेताना कंपनी पूर्ण किंमत न देता काही भाग राखून ठेवू शकते आणि वर्षअखेर देऊ शकते. शेअरवर मर्यादितच परतावा मिळतो. त्याउपर उरलं तर ज्याने जास्त माल दिला त्याला जास्त बोनस. शेअर घेऊन घरी बसणाऱ्याला तो मिळत नाही.

नोंदणीच्या पायऱ्या

१. गावसभा-वाडीसभा घेऊन काम ठरवा, मग नाव ठरवा. नावाच्या शेवटी 'प्रोड्यूसर कंपनी लिमिटेड' असावंच लागतं.

२. होणाऱ्या संचालकांचे आधार, पॅन, फोटो आणि डिजिटल सही काढा. आधार आणि पॅनवरची नावं जुळतात का, ते आधीच बघा.

३. घटनापत्रक आणि नियमावली तयार करा. तयार नमुना डोळे झाकून घेऊ नका. महिला सभासद, घरची गरज आधी आणि वाण संवर्धन हे मुद्दे त्यात मराठीत समजून मग सही करा.

४. सीए किंवा कंपनी सचिवामार्फत ऑनलाइन अर्ज. त्यातच पॅन, टॅन मिळतो.

५. बँक खातं, भागभांडवल जमा, आणि १८० दिवसांत धंदा सुरू केल्याची घोषणा.

६. ९० दिवसांत पहिली वार्षिक सभा. संचालकांची निवडणूकही ९० दिवसांत. प्रत्येक सभासदाने तीन महिन्यांत वारस नेमायचा.

कंपनी कुठे बुडते?

दुष्काळाने बुडतात त्यापेक्षा जास्त कंपन्या कागदाने बुडतात. दरसाल ताळेबंद आणि वार्षिक विवरण असे दोन फॉर्म कंपनी निबंधकाकडे भरावेच लागतात. धंदा शून्य असला तरी. उशीर झाला तर प्रत्येक फॉर्मला दिवसाला १०० रुपये. दोन्ही फॉर्म वर्षभर राहिले तर ७३ हजार. सलग तीन वर्षं भरलेच नाहीत तर संचालक पाच वर्षांसाठी अपात्र ठरतात. साध्या भाताच्या शेतकऱ्याच्या नावावर असा डाग लागतो आणि त्याला ठाऊकही नसतं, कारण पासवर्ड आणि डिजिटल सहीचा पेनड्राइव्ह शहरातल्या कुणाच्या तरी खणात असतो. तो पेनड्राइव्ह ज्याचा त्याच्याकडेच असावा.

दुसरं कारण सभा. तीन महिन्यांतून एकदा संचालकांची बैठक हवी. वार्षिक सभेला किमान एक चतुर्थांश सभासद हजर लागतात, म्हणजे ३०० पैकी ७५. सह्या घरोघर फिरवून ही सभा कागदावर करता येते. पण मग कंपनी दोघा-तिघांची होते.

तिसरं कारण अनुदान. केंद्राची १० हजार शेतकरी उत्पादक संघटनांची योजना फेब्रुवारी २०२० मध्ये आली. त्यात व्यवस्थापनासाठी तीन वर्षांत १८ लाखांपर्यंत, सभासदांच्या भांडवलाइतकंच जोड अनुदान (माणशी २ हजार, कंपनीला १५ लाखांपर्यंत) आणि २ कोटींपर्यंतच्या प्रकल्प कर्जाला हमी अशी तरतूद होती. सभासदांची अट मैदानी भागात ३००, डोंगराळ भागात १००. १० हजारांचा टप्पा फेब्रुवारी २०२५ मध्ये गाठला गेला. त्यामुळे सध्या काय चालू आहे, हे जिल्ह्याच्या नाबार्ड अधिकाऱ्यांकडे, आत्मा कार्यालयात आणि राज्याच्या स्मार्ट प्रकल्पाच्या कार्यालयात विचारूनच पुढे जावं. अनुदानासाठी काढलेली कंपनी अनुदान संपलं की बंद पडते. मालासाठी काढलेलीला अनुदान मिळालं तर ते वरचं.

पैसे देण्याआधी हे विचारा

गावात कुणी शेअरचे पैसे मागायला आलं तर पाच प्रश्न विचारावेत. कंपनी कोणता माल विकणार आणि कुणाला? वर्षाचा खर्च किती आणि तो भागायला किती क्विंटल लागतात? घरातली बाई सभासद होऊ शकते का? हिशोबाची वही कुणाकडे आणि ती कधी बघायला मिळेल? आणि पहिली दोन वर्षं काहीच सुटलं नाही तर कोण काय करणार?

पाचही उत्तरं मिळाली तर शेअर घ्या आणि पावती घ्या. नाही मिळाली तर पैसे खिशात राहू द्या. बी मात्र या हंगामातही राखायचंच आहे. कंपनीची नोंदणी सहा महिन्यांनी झाली तरी चालते, पण काळभाताचं शेवटचं गाडगं यंदा दळून खाल्लं तर पुढच्या मृगाला कुणाकडे मागणार?