श्वान निर्बीजीकरण : शस्त्रक्रियेनंतरची देखभालही महत्त्वाची

दिल्ली व राष्ट्रीय राजधानी क्षेत्रातील भटक्या श्वानांना निर्बीजीकरण व लसीकरणानंतर पकडलेल्या ठिकाणीच सोडावे, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ रोजी दिला. रेबीजग्रस्त, रेबीजसंशयित व आक्रमक श्वान त्यास अपवाद आहेत. शाळा, रुग्णालये, बस व रेल्वे स्थानके येथून हलविलेले श्वान तेथे परत सोडू नयेत, असे ७ नोव्हेंबर २०२५ च्या आदेशात म्हटले आहे; मात्र त्यांचेही निर्बीजीकरण करावयाचे आहे.

या शस्त्रक्रियेत भूल देऊन मादीचे अंडाशय व गर्भाशय, तर नराचे वृषण काढले जातात. ओळखीसाठी कानास खाच पाडली जाते. कायमस्वरूपी शल्यचिकित्सक नसलेल्या दवाखान्यात बाहेरून येणारे पशुशल्यचिकित्सक एका दिवसात अनेक शस्त्रक्रिया करू शकतात. परंतु ते परतल्यावर टाके उसवणे, रक्तस्राव वा जंतुसंसर्ग यांवर स्थानिक कर्मचाऱ्यांनाच लक्ष ठेवावे लागते. जखम भरण्यापूर्वी रस्त्यावर सोडलेला श्वान दगावू शकतो. त्यामुळे शल्यचिकित्सकाच्या भेटीचा दिवस ठरविताना दवाखान्यातील पिंजरे व परिचारकांची संख्याही विचारात घेणे आवश्यक ठरते.