उसाचे रानटी भाऊबंद आणि रोगाचा प्रश्न



गटसभेला गेलं की एक प्रश्न हमखास येतो. ‘साहेब, रोगच न येणारी जात कधी देणार?’ प्रश्न रास्त आहे. ऐन जोमात आलेल्या उसातून काणीचे काळे चाबूक बाहेर पडले की कुणाचाही जीव खालीवर होतो. पण याचं उत्तर सभेत दोन वाक्यांत देता येत नाही, म्हणून येथे जरा सविस्तर लिहीत आहोत.

पावसाळा सरताना ओढ्याकाठी पांढरे तुरे डोलतात ते कास गवत आपण सर्वांनी पाहिलं आहे. रानात शिरलं तर आपण ते कुदळीनं खणून काढतो. हे गवत उसाचं जवळचं भाऊबंद. शास्त्रात त्याला सॅकरम स्पॉन्टेनियम म्हणतात आणि जुन्या जाड, रसाळ उसाला सॅकरम ऑफिसिनॅरम. म्हणजे आडनाव एकच. कासाची कांडी बारीक, आत साखर नावाला. पण कोणी लागण न करता, पाणी न देता, औषध न मारता ते पिढ्यान्पिढ्या उभं आहे. रोग त्यालाही येतच होते. जे तगलं ते उरलं.

हा काटकपणा उसात आणता येतो हे प्रथम मोठ्या प्रमाणावर दिसलं ते जावा बेटावर. १८८० नंतरच्या दशकात तिथं ‘सेरेह’ नावाचा रोग आला. सेरेह म्हणजे त्यांच्या भाषेत गवती चहा. उसाचं बेट खुरटून गवती चहाच्या ठोंबासारखं दिसायचं, म्हणून हे नाव. (आपल्याकडच्या गवताळ वाढीच्या रोगाची आठवण व्हावी असंच हे वर्णन आहे, रोग मात्र वेगळा.) रोग टाळण्यासाठी तिथले मळेवाले बेणं डोंगरावर वाढवून खाली आणू लागले. खर्च अफाट. मग रानटी रक्त असलेल्या ‘कासूर’ नावाच्या उसाचा संकर चांगल्या उसाशी पुन्हा पुन्हा करण्यात आला. त्या वंशातून १९२१ साली येस्वीट या शास्त्रज्ञाने पीओजे २८७८ ही जात काढली आणि काही वर्षांतच जावातील बहुतेक ऊसक्षेत्र तिच्याखाली आलं.

आपल्या देशात कोइमतूरचं ऊस प्रजनन केंद्र १९१२ साली सुरू झालं. बार्बर आणि टी. एस. वेंकटरामन यांनी ‘वेल्लै’ या जाड उसावर तिथल्याच कासाचा पराग घेतला आणि को २०५ ही जात तयार केली. १९१८ च्या सुमारास ती पंजाबात गेली. पुढे महाराष्ट्रात ज्या को ४१९ नं कारखानदारी उभी केली, तिचा एक जनक हा जावाचा पीओजे २८७८ च होता. तेव्हा कास गवत आपण बांधावरून खणून काढत असलो, तरी उसाच्या अंगातून ते कधीच गेलेलं नाही.

आता कोणी म्हणेल, मग सगळं रानटी रक्तच का भरत नाही? कारण कासाबरोबर काटकपणा येतो तशी बारीक कांडी, जादा तंतू आणि कमी साखरही येते. म्हणून संकरित रोप पुन्हा पुन्हा जाड उसाकडे वळवावं लागतं, आणि दर वेळी हजारो रोपांतून मोजकी ठेवावी लागतात. शिवाय प्रत्येक कास रोगाला दाद देत नाही असंही नाही. काणी तर कासावरही येते! म्हणून कोणतं रानटी वाण खरं टणक हे तपासूनच घ्यावं लागतं. लाल कुज रोगासाठी उभ्या उसाच्या कांडीला छिद्र पाडून आत रोगाची बीजं सोडतात, छिद्र बुजवतात आणि साठ दिवसांनी ऊस उभा चिरून लाली किती कांड्यांपर्यंत पसरली ते पाहतात. काणीसाठी बेणंच रोगाच्या पाण्यात बुडवून लावतात. अशा तपासणीसाठी जगभरचे ऊस आणि त्यांचे रानटी भाऊबंद कोइमतूरच्या संस्थेनं केरळात कण्णूर येथे जपून ठेवले आहेत.

हेच काम गव्हात जास्त नेमकं झालं. गव्हाची गुणसूत्रं ४२, त्यामुळं कोणता गुण कुठं बसला आहे यावर बोट ठेवता येतं. अमेरिकेत सिअर्स यांनी १९५६ साली एजिलॉप्स अंबेलुलाटा या रानगवतातला तांबेऱ्याला रोखणारा गुण क्ष-किरणांच्या मदतीनं गव्हात आणला. तो गुण घेतलेल्या जाती शेतात पसरल्या, आणि काही वर्षांतच त्यावर मात करणारा तांबेराही निघाला. उसात गुणसूत्रं शंभराच्या वर आणि तीही सरमिसळ, म्हणून शोध फार अवघड. रियुनियन बेटावरच्या आर ५७० या जातीचा संपूर्ण जनुकीय आराखडा २०२४ साली प्रसिद्ध झाला, तेव्हा कुठं उसाच्या तपकिरी तांबेऱ्याला रोखणाऱ्या जनुकांचा माग नीट लागला.

गव्हाची गोष्ट सांगण्याचं कारण आहे. को ७४० आपल्याकडं सर्वत्र होता आणि काणीनं त्याला जेरीस आणलं, हे जुन्या सभासदांना सांगायला नको. उत्तर प्रदेशात को ०२३८ नं बहुसंख्य क्षेत्र व्यापलं. त्यानंतर लाल कुज शिरला आणि उभे फड गेले. एका जातीवर सगळं रान लावलं की रोगाला एकच कुलूप उघडायचं राहतं. आपल्याकडं को ८६०३२ चांगला चालतो, त्याबद्दल आमची तक्रार नाही. पण एखाद्या गटात दुसरी जातच नसावी, हे आम्हाला बरं वाटत नाही. ‘शेजाऱ्यानं लावलंय म्हणून’ हे जात निवडण्याचं कारण होऊ शकत नाही, मग शेजारी कितीही टनेज काढो.

नवी जात संकरापासून शेतापर्यंत यायला दहा-बारा वर्षं सहज लागतात. तोवर जे हातात आहे ते सांभाळायचं. खोडव्याचं बेणं लागणीला वापरू नये. मूलभूत बेण्याला उष्ण-दमट हवेची प्रक्रिया (५४ अंश सेल्सिअस, अडीच तास) दिलेली असावी. काणीचा चाबूक दिसताच तो फुटण्याआधी त्यावर पोतं किंवा पिशवी घालून कापावा, बेट मुळासकट काढून जाळावं. नुसता चाबूक उपटून बांधावर टाकला तर आपणच बीज पेरल्यासारखं होतं. आणि कांडी चिरल्यावर आत लाल रंगात आडवे पांढरे पट्टे दिसले, आंबूस वास आला, तर त्या फडातलं एकही टिपरं बेण्याला न देता त्याच दिवशी गट कार्यालयात कळवावं. आमचा माणूस फडावर येऊन पाहील.