शेर नदीवरील शनाँसो

फ्रान्समध्ये लुआर नदीच्या खोऱ्यात राजेरजवाड्यांचे प्रासाद पुष्कळ आहेत. परंतु लुआरला मिळणाऱ्या शेर नदीच्या पात्रातच पाय रोवून ऐलतीरापासून पैलतीरापर्यंत पसरलेला शनाँसोचा प्रासाद त्या सर्वांत निराळा, आणि त्याचे हे निराळेपण मुख्यत्वे स्त्रियांच्या कर्तृत्वाचे फळ आहे.

राजाच्या खजिन्याचा अधिकारी तोमा बोहिये याने १५१३ साली ही जहागीर विकत घेतली, जुनी गढी पाडून तिचा एक बुरूज तेवढा राखला आणि नदीतील पाणचक्कीच्या पायावर नवी इमारत उभारावयास घेतली. परंतु तो स्वतः इटलीच्या मोहिमांत गुंतलेला असल्यामुळे बांधकामाची देखरेख त्याची पत्नी कातरीन ब्रिसोने हिने केली. बुरुजातून गरगरत चढणाऱ्या चक्री जिन्यांची रूढी असताना येथे इटालियन वळणाचा सरळ जिना आला. फ्रान्समधील अशा पहिल्या काही जिन्यांपैकी तो एक. मुदपाकखाना नदीतल्या पायाच्या पोकळ खांबांत बसविलेला असून सामानाच्या होड्या थेट त्याच्याशी येऊन लागत.

बोहियेच्या पश्चात सरकारी येणेबाकीपोटी १५३५ मध्ये वाडा सरकारजमा झाला. पुढे दुसऱ्या आन्रीने तो आपली प्रेयसी दियान द प्वातिए हिला दिला आणि तिने फिलिबेर द लोर्म या स्थपतीकडून पैलतीराला भिडणारा पूल बांधवून घेतला. १५५९ मध्ये भाल्यांच्या द्वंद्वक्रीडेत जखमी होऊन राजा वारला, तेव्हा विधवा राणी कॅथरीन द मेदिची हिने शोमोंचा प्रासाद मोबदला देऊन शनाँसो घेतले. मात्र सवतीचा पूल तिने मोडला नाही, उलट त्यावर साठ मीटर लांबीचे दालन चढविले. बुद्धिबळाच्या पटासारख्या त्याच्या काळ्यापांढऱ्या फरसबंदीवर अठरा खिडक्यांतून उजेड पडतो. वैराचे इतके सुंदर पर्यवसान वास्तुकलेच्या इतिहासात विरळाच.

राजविलासासाठी बांधलेले हे दालन पहिल्या महायुद्धात जखमी सैनिकांचे रुग्णालय झाले. १९४० च्या पराभवानंतर शेर नदी हीच जर्मन अमलाखालील मुलखाची सरहद्द ठरली. प्रासादाचा मुख्य दरवाजा त्या मुलखात, तर दालनाचे दक्षिण दार पलीकडच्या मुलखात उघडत असल्यामुळे जिवाच्या भीतीने पळणाऱ्या अनेकांना याच वाटेने सुटका लाभली.

१९१३ पासून शनाँसो मनिये या चॉकलेटच्या कारखानदार घराण्याकडे असून ते पाहण्यास सर्वांना मोकळीक आहे. तिकडे जाणाऱ्याने आतील दालने पाहून परत न फिरता, नदीकाठाने थोडे पुढे चालत जाऊन पुलाच्या कमानी अवश्य पाहाव्यात.