पत्तागोबीच्या चकोल्या

चकोल्या आपल्या घरात नव्या नाहीत. कुणी त्यांना वरणफळं म्हणतं. कणकेची पोळी लाटायची, तिचे तुकडे करायचे आणि उकळत्या वरणात सोडायचे. एकाच भांड्यात जेवण तयार.

अशाच चकोल्या दूरच्या हंगेरी देशातही करतात. हा देश युरोपात आहे. तिथे गहू पिकतो आणि हिवाळा फार कडक असतो. तिथल्या बाया पिठाचे चौकोनी तुकडे पाण्यात शिजवतात. त्यांत वरण नाही घालत. परतलेली पत्तागोबी घालतात. वर काळी मिरी आणि चिमूटभर साखर. असं साधं जेवण!

आपल्याकडेही हिवाळ्यात गोबी स्वस्त मिळते. पण पुष्कळ घरी मुलं ती खात नाहीत. म्हणतात, वास येतो. गोबी झाकून फार वेळ शिजवली की तो वास सुटतो. म्हणून ती शिजवण्यापेक्षा परतावी. कशी, ते पाहू.

पाच माणसांसाठी चार वाट्या कणीक घ्या. गोबीचा अर्ध्या किलोचा गड्डा, दोन कांदे, वाटीभर शेंगदाण्याचं कूट, चार-पाच चमचे तेल आणि सुपारीएवढा गूळ घ्या. मोहरी, हळद, तिखट, मीठ घरात असतंच.

आधी गोबीची वरची पानं काढून टाका. गड्ड्याचे चार भाग करा आणि मिठाच्या पाण्यात थोडा वेळ ठेवा. आत अळी असली तर बाहेर येते. मग स्वच्छ पाण्याने धुवा. धुवायचं ते चिरण्याआधी. चिरून धुतली तर तिच्यातलं सत्त्व पाण्याबरोबर वाहून जातं.

आता गोबी बारीक चिरा. चमचाभर मीठ चोळून पाव तास ठेवा. गोबीत नऊ आण्यांहून नव्हे, दहा भागांत नऊ भाग पाणीच असतं. मिठाने ते सुटतं. गोबी पिळून घ्या. पण ते पाणी फेकू नका बरं का! त्यातच कणीक घट्ट भिजवा. कमी पडलं तर साधं पाणी घाला. कणकेत वेगळं मीठ नको.

तेलात मोहरी, कांदा, हळद, तिखट टाका. त्यावर गोबी टाका. झाकण ठेवू नका. कडा तांबूस होईपर्यंत परता. पाणी आधीच निघालेलं असतं, म्हणून गोबी उकडत नाही, छान परतली जाते आणि गोड लागते. शेवटी गूळ आणि कूट घाला. नुसत्या गव्हाने अंग भरत नाही. शेंगदाण्याने जेवणाला जोर येतो.

तोवर दुसऱ्या चुलीवर पाणी उकळू द्या. पोळी पातळ लाटून शंकरपाळ्यासारखे तुकडे कापा आणि एकेक करून पाण्यात सोडा. सगळे एकदम टाकले तर गोळा होतो. तुकडे वर तरंगले की थोडा वेळ आणखी शिजवा. एक तोडून पाहा. आत कच्चं पीठ दिसलं नाही की चाळणीत निथळा आणि गोबीत मिसळा.

आता एक शेवटची गोष्ट. आपल्या हिंगोली भागात हळद काढायचे दिवस म्हणजे बाईची कसोटी. ती दिवसभर रानात राबते. घरी येऊन भाकरी थापत बसते. एकेक गरम भाकरी दुसऱ्यांच्या ताटात जाते. ती मात्र चुलीपुढे. शेवटी तिच्या वाट्याला काय उरतं, ते तुम्हीच आठवा.

चकोल्यांचं तसं नाही. त्या सगळ्या एकदमच तयार होतात. भांडं मध्ये ठेवावं, पाच ताटं मांडावी आणि पाचही ताटांत सारखं वाढावं. रांधणारीनेही सर्वांबरोबर बसावं. जेवण गरम आहे तोवर तिनेही खावं. तोही तिचा हक्कच आहे.